आम्ही अजून जेवलो नाही

मॅनेजर : ...आणि म्हणूनच मॅडम, आपली जी काही गैरसोय झाली, तिच्याबद्दल आमच्या हॉटेलतर्फे मी पुन्हा एकदा दिलगिरी व्यक्त करतो. परवा संध्याकाळी गर्दी जरा जास्तच होती.

बाई : गर्दी कुठली हो. आमच्या शेजारच्या टेबलावर माशी बसायला तयार नव्हती. पण मी भांडायला आलेली नाही, हे तुमच्या कानात शिरत का नाही? माझ्या आवाजावर जाऊ नका. घसा बसलाय, म्हणून खेकसल्यासारखं वाटतं.

मॅनेजर : भांडलात तरी चालेल मॅडम. तो हक्कच आहे तुमचा. त्या वेटरला मी तेव्हापासून मोरीत भांड्यांवर बसवलंय. गिऱ्हाइकासमोर यायचं नाही म्हणून सांगितलंय.

बाई : अरे देवा. त्याला आधी बाहेर काढा. मी आभार मानायला आले आणि तुम्ही त्या बिचाऱ्याचे हात साबणात घातलेत.

मॅनेजर : आभार? कसले आभार?

बाई : बसू का? उभ्याने सांगण्यासारखं नाही. आणि एक पाणी मिळालं तर बरं. इथे पाणी लगेच मिळतं, एवढं परवा कळलंय.

मॅनेजर : बसा ना. घ्या. तुम्ही आणि साहेब त्या खांबाशेजारी बसला होतात, बरोबर?

बाई : हो. आमचे हे. ते बाहेर झाडाच्या पारावर बसलेत. आत यायला तयार नाहीत. तुम्ही बघू नका तिकडे, त्यांना लगेच कळतं. भाऊ, आमचे हे बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. नोकरीच ती. भोंगा बिघडला तरी काम अडायचं नाही, असा आवाज. घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात. गेल्या उन्हाळ्यात झटका आला. हात सुधारतोय, पाय सुधारला, पण जीभ जड झाली. शब्द येतात, पण ओढत, घासत येतात. आणि माणूस असा मानी, की तसले शब्द परक्यासमोर काढणार नाही. दुकानात मी बोलते, डॉक्टरांकडे मी बोलते. जावई आला की हे झोपेचं सोंग घेतात.

मॅनेजर : आणि तुमच्याशी?

बाई : माझ्याशी बोलतात. बोलणं शिकवायला एक ताई येतात, त्यांनी दिलेला सराव न्हाणीघरात नळ सोडून करतात. बादल्याच्या बादल्या वाहून जातात, पण मी नळ बंद करा म्हणत नाही. एकदा म्हटलं, अहो, मला सगळं कळतं तुमचं. तर म्हणाले, तुला कळतंय त्यात काय विशेष? तुला मी न बोलताही कळतो. खरंच होतं ते.

मॅनेजर : मग परवा...

बाई : परवा मला ताप, घसा बसलेला. ओट्यापाशी उभं राहवेना. म्हटलं, बाहेर जेवू. हे म्हणाले, येतो, पण मी तोंड उघडणार नाही. म्हटलं, मी आहे ना. आणि इथे येऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की दोघांत मिळून एकच तोंड, आणि त्याचाच आवाज गेलाय.

मॅनेजर : पण ऑर्डर तर घेतली असेल ना आमच्या माणसाने?

बाई : कुठली ऑर्डर. पाणी ठेवलं, मेनूकार्ड ठेवलं आणि तो गेला तो गेलाच.

मॅनेजर : त्याची ड्यूटी संपली होती. दुसरा आला त्याच्या जागी.

बाई : तो दुसरा आला तो थेट ताटं उचलायला. कोरी ताटं, भाऊ. उचलली, फडकं मारलं आणि दात कोरायच्या काड्यांची डबी ठेवून निघून गेला. आम्ही एकमेकांकडे बघतोय. पोटात पाण्याचा घोट, आणि कोरायचं काय?

मॅनेजर : एक मिनिट. ती ताटं कशी ठेवली होती तुम्ही?

बाई : एकात एक, कडेला. वर चमचे. नॅपकिनच्या घड्या घालून बाजूला. मेनूकार्ड त्यांच्याखाली. ह्यांचा उजवा हात मधूनच उडतो, समोर असेल ते खाली जातं. म्हणून कुठेही बसलो की मी आधी ह्यांच्या पुढ्यातलं आवरून टाकते. सवयच लागलीय.

मॅनेजर : अहो मॅडम, जेवण आटोपलेली माणसं ताटं अशी रचतात. त्याला वाटलं तुमचं झालंय, बिलही आधीच्याने घेतलंय, आणि तुम्ही आता निवांत बसलाय.

बाई : निवांत? मी हात वर करून करून खांदा दुखवून घेतला.

मॅनेजर : मी गल्ल्यावर होतो. मला वाटलं तुम्ही कुणाला तरी टाटा करताय.

बाई : छान. आणि ट्रे घेऊन फिरणारा एक पोरगा दोनदा 'आलो' म्हणून गेला. कुठे गेला कोण जाणे. मी हाक मारतेय तर घशातून नुसती हवा. आवरलं मीच, म्हणजे चूक माझीच म्हणायची.

मॅनेजर : नाही, चूक आमची. एक शब्द विचारायचा होता त्याने. पण आता मला एक सांगा, ह्यात आभार कुठे बसतात?

बाई : त्यासाठीच तर आले. पुढचं तुम्ही सांगा. तुम्ही होतात इथे. हे उठून उभे राहिले, टेबलाला धरून. आणि?

मॅनेजर : आणि ओरडले.

बाई : काय ओरडले?

मॅनेजर : तुम्ही तर शेजारीच होतात.

बाई : मला नका विचारू. माझी साक्ष चालत नाही. तुम्हाला काय ऐकू आलं? तुम्ही ह्यांना कधी पाहिलेलं नाही, झटक्याबद्दल ठाऊक नाही. तुमच्या कानावर काय पडलं ते जसंच्या तसं सांगा.

मॅनेजर : 'आम्ही अजून जेवलो नाही.' असं म्हणाले.

बाई : असंच? सगळे शब्द?

मॅनेजर : सगळे. तुटक होते, जरा घसरत होते, पण कळले. पार आत भट्टीपाशी ऐकू गेलं. आचारी पळी घेऊन बाहेर आला.

बाई : पळी घेऊन?

मॅनेजर : हो. मॅडम, तुम्ही रडू नका हो. बाकीची टेबलं बघतायत.

बाई : बघू देत. सर्दी आहे म्हणून सांगा. भाऊ, हे ओरडले तसे न जेवताच बाहेर पडले, आणि घरी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणाले, मी काय ओरडलो ते कुणाला कळलं असेल? लोकांना दारुडा वाटलो असेन. आता पुन्हा कुठे नेऊ नकोस मला. आणि काल दिवसभर न्हाणीघरातला नळही वाजला नाही. त्या नळाची इतकी सवय झालीय, की घर ओस पडल्यासारखं वाटलं. आज मी म्हटलं, चला, त्या हॉटेलवाल्यालाच विचारू. बाहेरपर्यंत आले, एवढंच नशीब.

मॅनेजर : मॅडम, एक खरं सांगू? राग मानू नका. पहिल्यांदा मलाही वाटलं, घेतलेली आहे.

बाई : असं?

मॅनेजर : क्षणभरच. मग शब्द कळले आणि तुमच्या टेबलाकडे बघितलं. दिवसभर फोनवर 'आपली गैरसोय' म्हणत असतो मी, पण तेव्हा खरोखर मान खाली गेली.

बाई : हेच सांगाल का त्यांना? दारूचंसुद्धा सांगा. नुसतं गोड बोलाल तर मी पढवलंय म्हणतील. जेवढं कळलं तेवढंच सांगा, एक शब्द जास्त नको. तुमच्या माणसांनी वेळेवर वाढलं असतं ना, तर हे आयुष्यभर नळाशीच बोलत बसले असते. म्हणून आभार.

मॅनेजर : या माझ्याबरोबर.

(बाहेर, झाडाच्या पारापाशी. मॅनेजर, बाई आणि तिचा नवरा.)

मॅनेजर : नमस्कार साहेब. परवा तुमच्यावर जी वेळ आली, ती आमच्यामुळे. बाईसाहेबांना सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

बाई : अहो, हे मॅनेजर. ते म्हणतायत की... नाही. तुम्ही दोघंच बोला. मी पाणी पिते.

नवरा : ऐकू... आलं?

मॅनेजर : सगळ्या हॉलला आलं. आचाऱ्यालाही.

नवरा : प्यालेला... वाटलो?

मॅनेजर : आधी वाटलात. मग शब्द ऐकले. मग नाही वाटलात.

नवरा : काय... ऐकलं?

मॅनेजर : 'आम्ही अजून जेवलो नाही.'

नवरा : पुढे?

मॅनेजर : पुढे काहीतरी होतं साहेब, पण ते मला लागलं नाही. खोटं कशाला बोलू? 'हिला' एवढंच कळलं.

बाई : पुढेही बोललात? मला तर तिथपर्यंतचंच ऐकू आलं. त्यानंतर माझ्या कानात नुसतं घुमत होतं.

नवरा : हिला... ताप... आहे. भूक... लागलीये... हिला.

मॅनेजर : आता कळलं साहेब. अगदी स्वच्छ कळलं.

बाई : उठा अहो, हात द्या इकडे.

मॅनेजर : आत चला दोघंही. खांबाजवळ नको, खिडकीशी बसा. आणि वाढायला आज तोच येईल, मोरीतला. काय आणू, बाई?

बाई : ह्यांना विचारा. आम्हाला काही घाई नाही.