फक्त आडवं पडायचं होतं

नाही, पण मी काय म्हणतो, झोपायला आलेल्या माणसाला देवक कशाला विचारायचं? नाव विचारा, गाव विचारा, घोरता का ते विचारा... घोरतो मी, कबूल! पण देवक? खाटेला काय फरक पडतो हो, वर सिंह झोपलाय की माकड?

तुम्ही बसा. पिशव्या ठेवा खाली. माई बाजारात गेलीय, येईल एवढ्यात, तोवर ऐका. कारण ती आल्यावर तुमच्यापुढे वही ठेवणार, आणि त्या वहीतल्या चौथ्या रकान्यानं माझं काय केलं, हे तुम्हाला आधी कळलेलं बरं.

तर मी फुंगाई मुचादेई. हरारेला म्बारेच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं वाकून वाकून पाठीचा विळा झालाय. गेल्या महिन्यात चक्कर आली म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर त्यानं दंडाला तो पट्टा बांधला, फुस्स फुस्स हवा भरली, आकडा बघितला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, की हा माणूस अजून बसून बोलतोय कसा! म्हणाला, "मुचादेई, दोन दिवस नुसते आडवे पडा. आणि घरी नको." तुम्हाला सांगतो, घरी नको, हे त्या माणसानं अचूक ओळखलं! कारण आमचं देवक सिंह. आणि या देशात सिंह किती? रानात नसतील तेवढे एकट्या म्बारेत! रोज दारातून आरोळी येते, "मुरंब्वीऽऽ!" आम्हा सिंहांना मानानं मारायची हाक ती. हाक आली की समजायचं, कुणीतरी भाऊ, पुतण्या, चुलता आलाय, ज्याचं तोंड मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि तो आज माझ्या खाटेवर झोपणार. बरं, एकच देवक म्हटल्यावर नाही म्हणता येतं का? भाऊच तो!

म्हणून इथे आलो. न्यांगा. डोंगर, थंड हवा, ओळखीचं कुत्रं नाही. आणि फाटकावर ही पाटी, माई रुनेसूचं हॉस्टेल, 'स्वच्छ खाट, गरम पाणी, शांतता'. मी म्हटलं, फुंगाई, जिंकलास. गरम पाणी कुठून येतं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं मला! मला फक्त आडवं पडायचं होतं हो!

दारात माई. रुनेसूची आई म्हणून माई रुनेसू. चांगली भरभक्कम बाई, कपाळाला रुमाल, हातात वही. पेन्सिल जिभेला लावते आणि विचारते, "नाव? गाव? कधी आलात? देवक? जाण्याची तारीख?" मी खिडकीतून खाट बघत होतो. कोपऱ्यातली. निळं ब्लँकेट. अशी नीट घडी घातलेलं... आणि तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. सिंह सांगितलं तर मेलो! मागं एकदा ग्वेरूला लॉजवर खरं सांगितलं होतं, तर तिथला रखवालदार माझा पुतण्या निघाला आणि माझी पँट घालून चर्चला गेला! मी चर्चला जाऊ शकलो नाही, कारण पँट एकच होती! तेव्हा म्हटलं, आज नको. असं काहीतरी सांगू, की या डोंगरात कुणाचा कुणाशी संबंध नको. डोंगरात काय नसतं? मासा!

"मासा," मी म्हणालो.

हसताय काय? तुम्हीही तेच केलं असतंत.

माईची पेन्सिल खाली पडली. "अगंबाई! मासा? अहो, ऐकलंत का! मासा आलाय! आपल्या थोरलीच्या सासरचा!" आतून तिचा नवरा, बाबा रुनेसू, बोळकं हसत आला, त्याच्या मागून त्याची बहीण आली, आत्या, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. थोरली लेक दिलेली माशांच्या घरात! आणि एक मासा जावई म्हणजे सगळे मासे जावई! मी फाटकात उभा होतो तो पाहुणा होतो, पायरीवर पाय ठेवला तो जावई!

आता हरारेला मी ज्या गुजराती शेठकडून सुया आणि पट्टे घेतो, तो सांगतो, त्यांच्याकडे म्हणे जावई आला की पायावर पाणी घालतात, पाटावर बसवतात, पोट फुटेस्तोवर वाढतात, आणि वर हातात भेटही देतात. मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. आमच्याकडे? आमच्याकडे जावयाच्या हातात पहिल्यांदा काय देतात माहितीये? कुऱ्हाड!

"जावईबुवा," माई लाजत म्हणाली, "बरं झालं आलात. रविवारी रुनेसूला मागणी घालायला पाहुणे येणारेत. लाकडं फोडायचीत, पाणी भरायचंय, बोकड कापायचाय, आणि घरात जावई म्हणून कुणी नाही. देवच पावला!" अहो, खरा जावई कुठाय, मी विचारलं. चूक! घोर चूक! आत्यानं तोंडच उघडलं. "कुठाय? आम्हाला विचारतोस? तीन वर्षं झाली जोहान्सबर्गला जाऊन, एक फोन नाही, लेकीला कपडा नाही, माझ्या भावाच्या आजारपणात आला नाही! भाऊ ना तुझा तो? मग खाली मान घालून काय उभा राहिलास, बोल की!" काय बोलू? न पाहिलेल्या माणसाच्या वतीनं मी जमिनीवर बसलो, हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या आणि माफी मागितली. त्याच्या तीन वर्षांची! त्यानं पाठवले नाहीत त्या सगळ्या कपड्यांची! मला फक्त आडवं पडायचं होतं!

आणि खाट? निळं ब्लँकेट? ती आत्यानं घेतली. कमरेमुळे. जावई सासरच्या वडीलधाऱ्यांच्या शेजारच्या खाटेवर पसरतो का कुठे? त्याची जागा स्वयंपाकघरात, चुलीपाशी, पाय पोटाशी घेऊन. याला आडवं पडणं नाही म्हणत, याला गोळा होणं म्हणतात.

बरं, हेही सोसलं असतं. जेवण! जेवणाचं सांगतो. शुक्रवारी मी ओंडके फोडून वाकलेलो, भुकेनं डोळ्यांपुढे अंधार, आणि चुलीवर माई काय परततेय? बारीक सुका मासा! कांदा, टोमॅटो, वर जराशी मिरची... सगळ्या अंगणात वास! बाजूला मक्याच्या पिठाचा पांढराशुभ्र साद्झा, वाफा येताहेत. मी हात धुऊन पुढे सरकलो. माईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. साद्झा आणि पालेभाजी. नुसती पालेभाजी!

"मासा...?" मी म्हणालो.

"अय्या, जावईबुवा," माई म्हणाली, "तुमच्यापुढे तुमचं देवक वाढीन का मी? एवढी का मी बेअक्कल?"

आत्या समोर बसून माशाचं डोकं चोखत होती. माझ्याकडे बघत. मुद्दाम! सिंह म्हणालो असतो तर काय खायचं टळलं असतं हो मला? सिंहाचं मटण! ते तसंही कोण देतंय? आणि मी काय टाळून बसलो? जगातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट! शनिवारी तर शेजारच्यानं ओढ्यातला ताजा मासा आणून दिला, एवढा, हातभर, आणि स्वच्छ कोणी करायचा? जावयानं! "तुमच्या माणसांची क्षमा मागून करा हो," आत्या म्हणते. मी माशाच्या कानात क्षमा मागितली. मनापासून मागितली, कारण मला तो खायचा होता.

आणि वर ते नाव! माशांना मानानं हाक मारतात 'सावे' म्हणून. आता मला काय सवय? पन्नास वर्षं मुरंब्वी ऐकलेला माणूस मी. "सावे, पाणी!" मी आपला लाकूड फोडतोय. "सावे, अहो सावे!" मी फोडतोय. शेवटी बाबा रुनेसू कानाशी येऊन ओरडला. तेव्हापासून घरात ठरलं, जावई कामाला चांगलाय, पण बहिरा आहे. आत्या माझ्यासमोर मोठमोठ्यांदा सांगायची, "भाऊ पळपुटा, हा बहिरा. लेक दिली की आपण तळ्यात टाकली!"

पण एक सांगतो. ओसरीत एक खुर्ची होती. ती बघा, तीच. फुलाफुलांची उशी, वर विणलेला रुमाल. दोन दिवस मी जमिनीवर आणि खुर्ची रिकामी. शनिवारी लाकडं रचून झाल्यावर मी नुसता तिच्या पाठीला टेकायला गेलो, तर माई म्हणाली, "ती नको, जावईबुवा. ती माझ्या मामाची." मी म्हटलं, मामा येणारेत का रविवारी? तर ती रुमाल सारखा करत राहिली. म्हणाली, "मामा कुठले आता. दोन होते, दोन्ही गेले. आईच्या देवकाचं कुणीच उरलं नाही इकडे. लेकीची बोलणी व्हायची आणि माझ्या आईकडून एक माणूस नाही... म्हणून निदान खुर्ची तरी मांडते." आणि पदरानं, म्हणजे त्या रुमालानंच, डोळे पुसून कामाला लागली. मला वाईट वाटलं हो. मनापासून वाईट वाटलं. पण मी काय करणार? मी मासा!

आता ऐका. त्याच दुपारी. मी अंगणात कुऱ्हाड घेऊन. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी गाडी चिखलात रुतलेली, कुणीतरी धक्का मारून काढून दिली, आणि गाडीवाला त्याला धन्यवाद देत ओरडला, "मुरंब्वीऽऽ! मुरंब्वीऽऽ!"

आणि मी कुऱ्हाड टाकून, ओंजळीच्या टाळ्या वाजवत, फाटकाकडे तोंड करून म्हणालो, "हो हो, आलो, आलो!"

अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. बोकडसुद्धा चरायचा थांबला.

आत्या काठी टेकत माझ्यासमोर आली. "काय रे? सावे म्हटलं की बहिरा, आणि मुरंब्वी म्हटलं की कान टवकारतोस?" देवक चोरणं म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. बापाचं नाव बदलण्यासारखं. म्हटलं, आता ही कुऱ्हाड माझ्यावरच. गुडघे टेकले आणि सगळं ओकलो. "मी मासा नाही हो! मी सिंह! डॉक्टर म्हणाला आडवे पडा, घरी सिंहांची जत्रा, मला वाटलं डोंगरात मासा सुरक्षित... मी जातो, लाकडं रचलीत, बोकड बांधलाय, माफ करा, मला फक्त आडवं पडायचं होतं!"

माई हळूच म्हणाली, "सिंह?"

"सिंह."

"मुरंब्वी सिंह?"

"हो. तेच."

तुम्हाला सांगतो, त्या भरभक्कम बाईनं हातातली परात टाकली आणि ती धावली, आणि मी डोळे मिटले, आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. "माझी आई सिंह होती! मुरंब्वी! अहो, तुम्ही तर माझे मामा!"

मामा! बाबा रुनेसूनं हे ऐकलं आणि त्याचं बोळकं उघडं ते उघडंच राहिलं. कारण बायकोचा मामा म्हणजे त्याला सासऱ्याच्या जागी! आता जावई कोण? तो! म्हाताऱ्यानं गुपचूप माझ्या पायाशी पडलेली कुऱ्हाड उचलली, ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या आणि लाकडाच्या ढिगाकडे निघाला. मला बघवेना, दोन ओंडके मीच फोडून दिले, चोरून. आत्या? तिनं त्या हातभर माशाची अख्खी मधली तुकडी ताटात घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "गिळा." खाल्ली. काटे चोखून खाल्ली. इतकी गोड लागली, की मी त्या माशाची पुन्हा एकदा क्षमा मागितली.

रविवारी त्या खुर्चीत बसलो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ताठ. मामानं मागे टेकायचं नसतं, आत्यानं बजावलं होतं. पाहुणे आले, बोलणी झाली, रुनेसू लाजून आत गेली, आणि मध्यस्थानं विचारलं, मुलीच्या आईकडून कोण? माईनं माझ्याकडे बोट दाखवलं. नुसतं बोट. पाठ मोडली हो माझी, पण त्या वेळी मला कुणी ढकललं असतं तरी मी उठलो नसतो.

सोमवारी पिशवी भरली. बायकोला फोन केला, येतो म्हणून. ती म्हणाली, "आडवे पडलात ना पुष्कळ? मग घाई करू नका. चार सिंह आलेत, तुमच्या खाटेवर आहेत." माईकडे गेलो, म्हटलं, वही दे, जाण्याची तारीख लिहितो. तिनं वही घेतली. आधी 'मासा' खोडून 'सिंह' लिहिलं. मग जाण्याच्या तारखेपाशी पेन्सिल जिभेला लावली, विचार केला, म्हणाली, "मामाला कसली आलीय जायची तारीख? ऑगस्टात लग्न आहे," आणि त्या रकान्यात मारली एक आडवी रेघ.

आज सोळावा दिवस. आणि देवाशपथ सांगतो, या अख्ख्या घरात आडवं पडायला मिळालंय ते फक्त त्या रेघेला!

असो. माईला उशीर होतोय, तोवर मीच लिहून घेतो, मामा आहे मी इथला. पेन्सिल कुठाय... हं. नाव? गाव?

आणि देवक?