मधला चौक

ज्योत्स्ना : आणि ही चौथी. आत्या, हीसुद्धा अर्धीच?

शालन : अर्धी कुठं? कडा झाल्यात की सगळ्या. नुसता मधला चौक ऱ्हायलाय.

ज्योत्स्ना : चारींचाही चौकच राहिलाय. मी ट्रंकेत भांडी भरायला गेले, तर वरपासून खालपर्यंत गोधड्याच. आणि प्रत्येकीच्या मधोमध पाटाएवढी जागा मोकळी.

शालन : ठिव परत आत. भांडी पोत्यात भर.

ज्योत्स्ना : ही निळी मी बारामतीला नेणार. तुम्हीच म्हणाला होता, सून नव्या घरात जाईल तेव्हा हातची गोधडी देईन. मग द्या. टेम्पो दुपारी येतोय.

शालन : देईन म्हणले हुते, आजच देईन असं न्हाय म्हणले. ह्या थंडीत पुरी करते अन् लेकाच्या, बुद्धघोषाच्या हाती धाडते.

ज्योत्स्ना : मागच्या थंडीतही हेच बोललात. मग आता अशीच नेते. मोकळ्या चौकासकट.

शालन : अशी न्हाय न्यायची! लोकं बघतील, म्हणतील सासूला मधलं जमलं न्हाय.

फुलाबाई : कुणाला काय जमलं न्हाय? दार सताड उघडं अन् आवाज पार माझ्या दोडक्याच्या मांडवापतूर. घे गं ज्योत्स्ना, गवार आणलीया. बारामतीत इकत घेशील तर निबार देत्याल.

ज्योत्स्ना : बसा फुलामावशी. तुम्हीच सांगा आता. ह्या चार गोधड्या आत्यांनी चहूबाजूंनी शिवल्या, कडेकडेनं टाके घालत आतपर्यंत आल्या, आणि मध्ये पोचल्या की बंद.

फुलाबाई : मला काय दावती? मला ठावं न्हाय व्हय? हिची सासू, सारजा, गेल्यापासनं ही अशीच अडून बसलीया. म्हस पाण्यात बसावी तशी.

शालन : आक्का, चहा पिणार का?

फुलाबाई : पिणार. पर तू चहाच्या नावानं उठायचं न्हाय. बस हितंच.

ज्योत्स्ना : मी नक्षी शोधून दिल्या होत्या ना मोबाइलवर? शेकडो होत्या.

शालन : त्याच्यानंच तर घोळ झाला. एक बघावी तर खालनं दुसरी येती. सरतच न्हाय ते. मग वाटतं, आपण ही घेतली अन् ती चांगली असली तर? मोर घ्यावा तर मोर सगळेच काढत्यात. फुलं घ्यावी तर चादरीवर असत्यातच फुलं. मग मी सुई डब्यात ठिवून देती.

ज्योत्स्ना : आणि ही पिशवी कसली? गोधड्यांच्या मधे होती.

शालन : ती सोड. रद्दी हाय.

(ज्योत्स्ना पिशवी उलटी करते. लग्नपत्रिकांचे, कॅलेंडरचे कापलेले तुकडे खाली पडतात.)

फुलाबाई : आगं बया! ही काय रद्दी? पानं, कैरी, चांदणी, कमळ... शालन, येवढं सगळं कातरून ठिवलंयस अन् एक बी लावलं न्हाईस?

शालन : लावून बघते मी. कागद चौकावर ठिवते, जरा लांब जाऊन बघते. अन् उचलते.

ज्योत्स्ना : का उचलता?

शालन : तुला काय सांगू? चौकावर हात ठिवला की मी मागं वळून बघती. हसू नको. खरंच बघती. वाटतं, सासू मागं उभी हाय अन् आता म्हणंल, उसव.

ज्योत्स्ना : उसव?

शालन : येवढंच म्हणल्या हुत्या त्या. मी लग्न होऊन आले, त्याच वर्षीची गोष्ट. पहिलीच गोधडी. चौक माझ्या मनानं भरला. आळीतल्या समद्या बाया अंगणात बसलेल्या. सासूनं गोधडी हातात घेतली, बघितली, अन् म्हणल्या, उसव. मी तितंच बसून उसवली. धाग्यान् धागा. दुसऱ्या दिशी म्हणल्या, कड तू घालत जा, चौक मी बघते. मग शेवटपतूर तसंच चाललं. कड माझी, चौक त्यांचा.

ज्योत्स्ना : आणि का उसव ते विचारलं नाहीत?

शालन : विचारायचं? सासूला? तुमच्यासारखं हुतं व्हय तवा? मीच समजले. हिला नक्षी जमत न्हाय, असं त्यांनी ठरवलं. मग मला बी तसंच वाटाया लागलं.

फुलाबाई : सारजाला तरी कुठं लई येत हुतं? जल्मभर एकच नक्षी. बैलगाडीचं चाक! ह्या गोधडीत बी चाक, त्या गोधडीत बी चाक. माझ्या लेकीला दिली त्यात बी चाकच.

ज्योत्स्ना : मावशी, ते बैलगाडीचं नाही. ते धम्मचक्र आहे.

फुलाबाई : आं? म्या तर समद्यास्नी गाडीचं म्हणून सांगितलं. पाव्हण्यांनी तर खिल्लारी जोडीची चौकशी केली!

ज्योत्स्ना : सारजाआजींच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेऊन घरातले देव भीमेत सोडले तेव्हा त्या परकर नेसायच्या. किती वेळा सांगितलंय त्यांनी मला. मधे काय घालायचं ते त्या उगाच ठरवणार नाहीत. आत्या, तुमची ती पहिली नक्षी कसली होती?

शालन : आता काय करायचंय तिचं?

ज्योत्स्ना : सांगा तर.

शालन : तुळशीवृंदावन. चारी अंगांनी पणत्या. लई झ्याक झालं हुतं, आता म्हणायला काय.

ज्योत्स्ना : तुळशीवृंदावन? आपल्या घरात?

शालन : मला काय ठावं? माझ्या माहेरी, सोमेश्वरनगरला, वंदना बी व्हायची अन् आजी दारात तुळस बी लावायची. कुणी काय म्हणत नव्हतं. अन् नक्षी मला आक्कानं दिलेली. कागद कातरून दिला हुता हिनंच.

फुलाबाई : थांब. थांब जरा.

शालन : काय झालं?

फुलाबाई : उसव म्हणली त्या दिवशी म्या कुठं हुते?

शालन : माझ्या शेजारीच की. कपबशी हातात धरून.

फुलाबाई : मंग तिनं काय म्हणावं गं? फुलाबाईची तुळस आमच्यात चालत न्हाय, असं? माझ्या तोंडावर? तिच्याच घरचा चहा पीत बसल्याली म्या.

ज्योत्स्ना : म्हणून एकच शब्द बोलल्या.

फुलाबाई : माझा मान राखला बाईनं. अन् हिचं वाटोळं केलं.

ज्योत्स्ना : आत्या?

शालन : मग मागनं सांगायचं की! आक्का उठून गेल्यावर सांगायचं. तोंड हुतं ना? शालन, टाका चांगला हाय, नक्षी बी चांगली हाय, फकस्त आपल्यात हे नको. येवढं बोलायला किती वेळ लागतो? मी सगळी उमर कडंकडंनंच फिरले की गं.

फुलाबाई : ती कुठं बोलायची? मीठ पायजे असलं तरी डबा वाजवून दावायची.

शालन : तुमी तिची बाजू घेऊ नका. आज तरी नको.

फुलाबाई : न्हाय घेत. चुकलंच तिचं. अन् म्या बी येडीच. तुळस देताना इचार केला न्हाय.

ज्योत्स्ना : आत्या, म्हणजे नक्षी वाईट नव्हतीच.

शालन : तेच म्हणती मी. वाईट नव्हतीच. पणत्यांच्या वाती सुदीक दिसायच्या.

फुलाबाई : मंग घाल आता. पिंपळपान घाल. तुमच्यात चालतं, आमच्यात बी चालतं. कुणाला उसव म्हणायची सोय न्हाय.

शालन : पिंपळपान विहाराच्या भिंतीवर हाय, कॅलेंडरवर हाय, ज्योत्स्नाच्या पर्सवर हाय. चालतं म्हणून घालायचं असतं तर कवाच घातलं असतं.

ज्योत्स्ना : ह्यातलं कुठलं आवडतं तुम्हाला? आणि हा कोण? लांब पायांचा? सगळ्यात तळाला होता.

शालन : तो ऱ्हाऊ दे.

ज्योत्स्ना : पक्षी आहे ना?

शालन : भिगवणचा. बुद्धघोषानं नेलं हुतं मासे आणायला, तवा बघितला. उजनीच्या पाण्यात थव्यानं उभे हुते. फिके गुलाबी. मासळीवाली म्हणली, रोहित म्हणत्यात त्याला. घरी आले अन् कातरला. कुणाला दावला न्हाय.

फुलाबाई : दाव बघू. आगं, ह्याची तंगडी केवढी! चौकात मावायची न्हाय.

शालन : मावती. एक पाय पोटाशी धरून उभा ऱ्हातो तो. बघितलाय मी.

ज्योत्स्ना : हाच. आत्या, मला हाच पाहिजे. ह्या निळीवर पाण्यात उभा राहिल्यासारखा दिसेल.

शालन : कापड कुठनं आणू गुलाबी? तुझी ती ओढणी हाय का, चिंध्यात टाकलेली?

ज्योत्स्ना : आहे. आणते. पण टेम्पो येईपर्यंत होईल का?

शालन : येवढ्यात कुठनं व्हायला? गोधडी हितं ऱ्हाऊ दे. येत्या रविवारी घेऊन जा.

ज्योत्स्ना : बघा! परत तेच.

शालन : तेच न्हाय. सुई ओवून दे, मला दिसत न्हाय बारीक. पहिला टाका तुज्यासमोर घालती अन् मग जा तू.

फुलाबाई : अन् मान वाकडी झाली म्हंजी? पक्ष्याची?

शालन : झाली तर उसवीन की. तेवढं तर मला पहिल्यापासनं येतंय.