मनोहरकाकांचे ड्रम आणि आपण मांडलेला तबला

अध्यक्षमहाराज आणि चाळीतील वडीलधाऱ्यांनो,

एवढ्या माणसांपुढे उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून हे शब्द माझा भाऊ वाचून दाखवत आहे. वयाने लहान असून लिहायला धजावले, याबद्दल प्रथम क्षमा मागते. जे लिहिले आहे त्याबद्दल मात्र मागणार नाही.

समोर मनोहरकाकांचा फोटो आहे. शेजारी आपण तबला-डग्गा मांडला आहे, भजनी मंडळाकडून मागून आणलेला. मनोहरकाकांनी आयुष्यात तबला वाजवला नाही. ते ड्रम वाजवत. फोर्टातल्या हॉटेलांत जॅझ वाजवत, दादरच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना साथ करत. आणि रॉक अँड रोल आले तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस तेही शिकला. आपल्याला या साऱ्याची लाज वाटते, हे मी जाणते. पण तबला?

या दोन संगीतांत फरक काय, असे मी त्यांना एकदा विचारले होते. म्हणाले, "अगं, जॅझमध्ये ताल झांजेवर तरंगतो, रॉकमध्ये कातड्यावर आदळतो. पण कुठे वाजवायचं नाही, ते दोन्हींत कळावं लागतं." बोलताना त्यांचे ड्रम वाजवायचे तारांचे ब्रश गादीवर फिरत होते. गादीवर का? कारण आपल्या कमिटीने घरात ड्रम वाजवायला बंदी केली होती. भजनाला बंदी नव्हती. सत्यनारायणाच्या कर्ण्यालाही नव्हती.

मग संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा ठरला, आणि हीच कमिटी त्यांच्या दारात उभी राहिली. गळ्यात ड्रम अडकवून काका गिरगावापासून परळपर्यंत वाजवत गेले. लालबागला गिरणी कामगार मिळाले, त्यांचीही पावले त्याच ठेक्यावर पडू लागली. परतल्यावर आपल्यातलेच एक सन्माननीय गृहस्थ म्हणाले, "मनोहर, आज पहिल्यांदा तुझ्या हातून काही चांगलं वाजलं हो."

काका हसले. "अप्पा, हॉटेलात वाजवतो तेच वाजवलं. तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत."

आज इथे ठराव यायचा आहे : काकांचे ड्रम गणपतीच्या मेळ्याला द्यावेत, 'तबलापटू कै. मनोहर यांच्या स्मरणार्थ'. काकूंना कोणी विचारले? त्यांनी नको म्हटले, तेव्हा बाईमाणसाला वाद्ये हवीत कशाला, असा आपला निरोप वर गेला. केवढे हे औदार्य! दुसऱ्याच्या घरातली वस्तू, आपल्या हातचे दान.

काकूंनी मला बोलावून एवढेच लिहायला सांगितले : "ड्रम पेद्रूला द्यायचे. तो ते वाजवील." पेद्रू म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला गोव्याचा ड्रमर. आपण त्याला ओळखता. काकांकडे आला, की आपण त्याला जिन्यावर अडवून कोणाकडे जायचे, ते विचारत होतात.

तेव्हा ठराव वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

आता आपण मनोहरकाकांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे. या वेळी पेद्रू वरून ड्रम उतरवत असेल. जिना अरुंद आहे, आवाज होईल. कोणीही जागेवरून हलू नये.

भावाच्या हाती पाठवले : रविवार, ७ फेब्रुवारी १९६०, सायंकाळी पाच वाजता.