पांढरी जाकिटं

इग्नाती : तुझ्या बहिणीला, लूसीला जुळी झाली, त्याच वर्षी तू ही नारिंगी जाकिटं मागवलीस. बुडू नये म्हणून. गावात एकाने तरी अंगात घातलं?

नस्तास्या : बाबा, दवाखान्यात भांडायला नका येऊ. बाराच्या आत अँकरेजच्या कचेरीला कळवायचंय. गावाला एकच योजना मिळणार. पुन्हा जाकिटं, नाहीतर पोहण्याचे वर्ग.

इग्नाती : पोहण्याचे? बेरिंग समुद्राच्या पाण्यात? शिकवणाराच आधी गोठेल!

नस्तास्या : शहरात त्याने बुडणारे निम्म्यावर आले.

इग्नाती : शहरात पोरं तळ्यात बुडतात. आपल्याकडे बाप्ये बुडतात, बर्फाच्या कडेला, सीलच्या शिकारीत.

नस्तास्या : म्हणूनच जाकिटं म्हणतेय ना!

इग्नाती : नारिंगी दिसलं की सील गडप. आम्ही होडीला पांढरं फडकं लावतो, वरून पांढरा सदरा चढवतो, आणि त्यावर तुझा हा जाळ! बसायला मात्र मऊ आहेत हो.

नस्तास्या : थट्टा पुरे.

इग्नाती : मग पांढरी मागव.

नस्तास्या : यादीत नाहीत. काल फोन केला. बाई म्हणाली, पांढऱ्या कपड्यातला माणूस बर्फात विमानातून दिसणार कसा?

इग्नाती : बरोबर बोलली.

नस्तास्या : बरोबर? मग?

इग्नाती : टोपी नारिंगी लावा. कॉलरमध्ये गुंडाळलेली. पाण्यात पडला की ओढायची.

नस्तास्या : ...गारठलेल्या हाताने ओढता येईल?

इग्नाती : मोठी दोरी लाव. तुझी आई शिवून दाखवील.

नस्तास्या : आणि यादीबाहेरचं म्हणून नाकारलं तर? काहीच मिळणार नाही. अकिम परवा बर्फावर निघालाय.

इग्नाती : नारिंगी मिळालं तर तुझा नवरा घालेल?

नस्तास्या : ...नाही.

इग्नाती : मग आत्ता तरी काय मिळतंय आपल्याला?

नस्तास्या : कारण लिहावं लागतं, बाबा. गावात काय घडलं ते.

इग्नाती : लिही की.

नस्तास्या : सकाळपासून तीनदा खोडलं. जाकीट मीच दिलं होतं दादाला. माझ्या हाताने.

इग्नाती : ठाऊक आहे, पोरी. घे पेन. मी सांगतो.

नस्तास्या : सांगा.

इग्नाती : एव्हन, इग्नातीचा थोरला. वय एकतीस. गेल्या वर्षी, चौदा एप्रिलला सकाळी, बुडून मेला.