उद्याची बारी

बायांनो, आक्काच्या घरची माणसं, नमस्कार. मी पारू. आक्काच्या शेजारी बसून तंबाखू चाळणारी. आज आक्कासाठी बोलाय उभी हाय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

काढलेल्या बायकांस्नी कामावर परत घ्या म्हटलं, म्हणून मालकानं तंबाखूच्या वखारीला कुलूप घातलं. उद्या गेटवर बोलणी हाईत. आणि नेमकी आता शांताआक्का गेली. आता काय करायचं हो?

आक्का कोण पुढारी न्हवती. बेळगावला कामगारांच्या शिबिराला एकदा गेलती, आणि आल्यापासनं आमच्या मागं लागली. दर रविवारी सभा. एकेकीनं बारीबारीनं बोलायचं. आक्का स्वतः मालक व्हायची. खुर्चीवर पाय पसरून अंगावर वरडायची, "यायचं तर या, बाहेर बायका लई हाईत!" आमी हसून लोळायचो. आणि जबाब द्यायची येळ आली की एकमेकीच्या मागं दडायचो.

एकदा मी चिडून म्हटलं, "आक्का, आमाला कुठं पुढारी व्हायचंय? कशाला ह्यो ताप?"

ती म्हणली, "पारू, एकच तोंड असलं की ते बंद कराय लई सोपं असतंय गं."

काल तिच्या दारात तुमीच मला काय म्हटलासा? "आता तूच आमची आक्का. उद्या तूच बोल." बायांनो, चुकतासा तुमी. लई चुकतासा. तिकडं दाराशी मालकाचे मुकादमआप्पा उभे हाईत. उभं कशाला आप्पा, बसा की. नवी आक्का कोण झाली, तेवढंच बघाय आलाईसा न्हवं? एकदा कळलं की तिला फोडायची, न्हायतर काढायची. व्हय का न्हाय?

तर मालकास्नी सांगा, नवी आक्का कोण न्हाय. गेल्या सभेत माझी बारी झाली. उद्याची बारी सखूची हाय.

मान हलवू नको, सखू. भ्या वाटतंय? मलाबी वाटतंय. उद्या हरलो तर समद्यांचंच काम जाणार. पण तू अडलीस तर मागनं मी हाय, मी अडलो तर गंगू हाय. आक्कानं बोलाय शिकवल्याबिगर कुणालाच सोडलं न्हाय.

आक्का, तुला हात जोडतो गं.

उठा बायांनो. आक्कासाठी गप उभ्या ऱ्हावा. आणि कुणी माझ्याकडं बघू नका. बसायचं कधी, ते सखू सांगंल.