मंत्र्याच्या घरी रुसवा

मी तीर्थपुरीची. आई-बाप रोजानं दुसऱ्याच्या वावरात जायचे, पण लेकीनं शिकायचं हे बिलकुल ठरलेलं, मंग बदनापूरला मावशीकडं राहून कॉलेज, मंग दिल्ली, मंग परराष्ट्र सेवा, आन् काय सांगू तुम्हाला, निवड झाली तर गावात बातमी काय, पोरगी पासपोर्ट हापिसात चिकटली. आईला समजावलं, अगं, देशाच्या वतीनं दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलायचं काम हाय. आई म्हणली, म्हंजे सोयरीक जुळवायचं. मी म्हणलं, बराबर.

राजदूत म्हणून पहिल्यांदा गेले ती वाळवंटातल्या एका देशात. तिथं एका छावणीत आपले मजूर अडकून पडलेले, मालकानं पासपोर्ट काढून घेतलेले. त्यातला अशोक शहागडचा, ट्रक चालवणारा. फोनवर माझी मराठी ऐकली आन् रडायलाच लागला, ताई, आई लई आजारी हाय, मला फकस्त घरी पोचवा. मी मंत्र्याकडं खेटे घालून राह्यले, आन् मंत्री गोड हसून म्हणायचा, बघू. शेवटी त्यानं घरी जेवायला बोलावलं. मोठा दिवाणखाना, बडी बडी माणसं, आन् कहवा आला, म्हंजे त्यांची कॉफी.

आता इथं माझा मामा मधी आणावाच लागतो. मामा लग्नालग्नात रुसायचा. पंगत वाढली की टोपी सरळ करून, ताटाला हात न लावता गप बसायचा. नवरीचा बाप हात जोडून पुढं आला की मंग हळूच आपलं मागणं काढायचा, आन् भरल्या पंगतीत न्हाई कोण म्हणंल?

मी पदर सारखा केला, कप खाली ठेवला आन् बसले गप. माझा सेक्रेटरी घामाघूम, कानात कुजबुजून राह्यला, मॅडम प्या, त्यांचा अपमान होईल. मी ढिम्म. दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं, सगळे माझ्या कपाकडं बघायला लागले, आन् मंत्री उठून समोर आला. म्हणला, बाई, मागणं बोला, दिलं समजा. मी म्हणलं, आमचे मजूर घरी पाठवा, आन् कप उचलून तोंडाला लावला.

मागून कळलं, त्यांच्यातबी हीच रीत. पाहुण्यानं कप तसाच ठेवला तर त्याचं मागणं हाय, आन् ते न देता कप थंड होऊ दिला तर घराची इज्जत गेली. मला काय माहीत, मी आपली मामासारखी रुसल्ते! दिल्लीत साहेब म्हणले, तिथल्या चालीरीतींचा तुमचा अभ्यास दांडगा. मी म्हणलं, हो तर.

आठवड्याच्या आत सगळे मजूर विमानात. विमानतळावर अशोक पाया पडायला वाकला, मी म्हणलं, माझ्या न्हाई, जल्दी जाऊन आईच्या पड. आई भेटली त्याला, अजून खणखणीत हाय.

आता तिसऱ्या देशात राजदूत हाय मी. परवा सुट्टीत शहागडला अशोकच्या घरी गेल्ते. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, म्हणली, बाई, तुझा शब्द कुठं खाली पडू नये. मंग ताट वाढलं, आन् मी बसल्याबरोबर घास उचलला, तिथं माझं काहीच मागणं न्हवतं.