उसनं मशीन

मॅडम: मशीन कुठंय, काका?

बाइंडर: या, या मॅडम! आधी बसा तरी. अगं, स्टूल पूस जरा, मॅडम उन्हातून आल्यात.

मॅडम: मी बसायला आले नाही. मशीन दाखवा.

बाइंडर: कुठलं मशीन?

(दुकान कसलं, दोन भिंतींमधली बोळच ती. एका अंगाला कागदाचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, आणि मधे उरलेल्या वीतभर जागेत बाइंडर येरझाऱ्या घालतोय. त्याची बायको लाकडी चौकटीपुढे बसून एक जाडजूड रजिस्टर शिवतेय. ती मान वर करत नाही, म्हणजे सगळं ऐकतेय. मॅडम सरकारच्या लघुउद्योग मदत कक्षातल्या. छोट्या दुकानदारांच्या बाजूनं सरकारशी भांडायचं आणि पगारही सरकारकडूनच घ्यायचा, असं त्यांचं विचित्र काम. आज त्या धापा टाकत आल्यात आणि गाडी बाहेर वाकडीतिकडी लावून दिलीय.)

मॅडम: तपासनिसांच्या अहवालात आहे ते मशीन. वाचून दाखवू? ‘सदर दुकानात पाने चिकटविण्याचे विजेवर चालणारे मशीन आढळले. हाताने शिवण्याचे काम बंद केल्याचे मालकाने स्वतः सांगितले.’ स्वतः सांगितले, काका!

बाइंडर: शब्दन्‌शब्द लिहून घेतला की बेट्यानं.

मॅडम: म्हणजे सांगितलंत तुम्ही.

बाइंडर: आता बोलण्याबोलण्यात माणूस...

बायको: मशीन छापखानेवाल्याचं होतं. गल्लीच्या टोकाला आहे तो. सकाळी चौघांनी उचलून आणलं, संध्याकाळी परत नेलं.

बाइंडर: तू शिव ना गप्प.

बायको: शिवतेच आहे. हात चालतात, कानही चालतात.

मॅडम: उसनं आणलं? अहो पण का? फोनवर मी काय सांगितलं होतं तुम्हाला?

बाइंडर: ‘आहे तसं दाखवा’ म्हणालात.

मॅडम: मग?

बाइंडर: आहे तसं कोण दाखवतं, मॅडम? पाहुणा यायचा म्हटलं तर घर झाडतो की नाही आपण? इथं तर सरकारचा माणूस येणार! माझ्या उमेदीत एक साहेब असेच आले होते, दुकान बघायला. इथंच उभे होते, तुम्ही आहात तिथं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाले, ‘एवढंच?’ एवढंच! रुमालानं नाक पुसलं आणि गेले. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. सरकारपुढे गरिबी दाखवायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅडम: पण मूठ उघडून दाखवा म्हणूनच मी त्यांना पाठवलं होतं! तुमच्याकडे मशीन नाही, हाच तर माझा सगळा मुद्दा!

बाइंडर: नसणं हा कधी मुद्दा असतो का?

मॅडम: असतो. आता तरी नीट ऐका. आणि आधी त्या फेऱ्या थांबवा, मला गरगरायला लागलंय.

बाइंडर: थांबलो. बोला.

मॅडम: खरेदी विभागाचा नवा नियम येतोय. सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं यापुढे मशीनवाल्यांकडूनच घ्यायची. या गल्लीत बाइंडिंगची दुकानं किती?

बाइंडर: अकरा.

मॅडम: मशीन किती जणांकडे?

बायको: एकाकडेही नाही. छापखानेवाला बाइंडर नव्हे.

मॅडम: आणि सरकारी रजिस्टरं सोडली तर या अकरा जणांकडे दुसरं काम काय? तीन महिने त्या विभागाच्या पायऱ्या झिजवतेय मी. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, एक दुकान दाखवा, आमचा तपासनीस जाऊन बघेल, मग सुनावणी ठेवू. अकरातून मी तुमचं नाव दिलं. का? तर गल्लीत कुणालाही विचारा, शिवण बघायची तर यांच्याकडची बघा म्हणतात.

बाइंडर: ते खरंय.

मॅडम: आज दोन वाजता सुनावणी. आणि तिथं ते काय म्हणणार? ‘बाई, तुमच्याच माणसानं मशीन घेतलंय. झाला का कुणाला त्रास?’ संपलं. तोंड उघडायला जागा ठेवली नाहीत तुम्ही मला.

बाइंडर: म्हणजे... अकराच्या अकरा दुकानं? माझ्यामुळे?

मॅडम: तुमच्या त्या सव्वा लाखाच्या मुठीमुळे.

बाइंडर: हात दाखवून अवलक्षण केलं की मी. पण मला कुणी आधी नीट समजावलं असतं...

बायको: मी समजावलं होतं.

बाइंडर: तू नुसतं ‘नको’ म्हणालीस. नको म्हणजे समजावणं नव्हे.

बायको: चार वेळा म्हणाले. मग ह्यांनी मला आत बसवलं, ताई.

मॅडम: आत? कुठे?

बायको: तो पडदा आहे ना, त्यामागं आमचा स्वयंपाक. तिथं बसवलं, चौकटीसकट. तपासनिसाला शिवायची चौकट दिसायला नको म्हणून. धुरानं खोकला येत होता, पदर तोंडात धरून बसले.

बाइंडर: अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता.

बायको: मी सगळं ऐकत होते. तपासनिसानं विचारलं, हाताचं काम का बंद केलंत? हे म्हणाले, ‘हातानं शिवणारं माणूस आता मिळतंय कुठं, साहेब!’ आणि माझ्या हातात सुई होती.

बाइंडर: अगं, ते बोलण्याच्या ओघात...

बायको: हो. ओघात बायको वाहून गेली.

मॅडम: कमाल आहे, काका.

बाइंडर: तुम्हीही तिच्याच बाजूच्या! बरं, चुकलो. पण नमुना तर चांगला गेला ना? तपासनिसाला एक रजिस्टर दिलं होतं. काय गुळगुळीत होतं! कडा अशा की बोट कापावं.

मॅडम: खरेदी विभागातून मागून आणलंय मी ते. हे घ्या.

बाइंडर: बघा, दिसतंय की नाही राजासारखं?

मॅडम: आता उघडा. कचेरीत रजिस्टर कसं वापरतात? टेबलावर पसरतात, वरून हात दाबतात आणि लिहितात. तसं उघडा. दाबा.

बाइंडर: दाबतो की. हे बघा, हे... अरे!

बायको: पान आलं हातात.

मॅडम: मी सकाळी उघडलं तेव्हा दोन आली होती. आत तशीच खोचून ठेवलीत.

बाइंडर: हे माझं काम नाही! छापखानेवाल्यानं करून दिलंय हे, त्याच्या मशीनवर. मला ते चालू कसं करायचं तेही माहीत नाही. तपासनिसाला सांगितलं, आज वीज गेलीय.

मॅडम: पण आतल्या बाजूला दुकानाच्या नावाची चिठ्ठी कुणाची चिकटवलीय? वाचा.

बाइंडर: ...माझी आहे.

मॅडम: तपासनिसानं अजून उघडून बघितलेलं नाही. पण एक दिवस कुणीतरी उघडेल.

बाइंडर: थांबा. ती चिठ्ठी काढतो मी आधी. खरवडून काढतो.

मॅडम: हात लावू नका! तो आता पुरावा आहे.

बाइंडर: पण पान गळलंय, मॅडम! माझ्या नावाच्या पुस्तकाचं पान गळलंय! वडिलांनी ही चिठ्ठी छापून घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आजवर लोकांनी माझी पुस्तकं पाण्यात पाडली, उंदरांनी कुरतडली, एकानं तर रागाच्या भरात भावाला फेकून मारलं होतं. पण पान गळलं म्हणून एक माणूस या दारात आला नाही. अगं, आलाय का कुणी?

बायको: कुणी नाही.

बाइंडर: कुणी नाही! आणि हे बघ. नुसतं दाबलं तर... छे. छे, छे.

मॅडम: बसा, काका.

बाइंडर: बसवत नाही. किती वाजले? साडेअकरा? नवा नमुना द्यायचा म्हटलं तरी आता होणार नाही. पुठ्ठा चढवायचा, कापड लावायचं, खळ वाळायला शिकंज्यात एक रात्र ठेवायला लागतं. ओल्या खळीचं पुस्तक उघडलं की मान टाकतं. दोन वाजेपर्यंत काय ब्रह्मदेव आला तरी...

मॅडम: काकू, तुम्ही हे काय शिवताय?

बायको: शाळेचं रजिस्टर आहे. घडीच्या पानांचे दोन फर्मे शिवायचे राहिलेत.

मॅडम: बघू.

बायको: उघडा. टेबलावर उघडतात तसं उघडा. आता दाबा. आता एक पान धरा आणि ओढा.

मॅडम: ओढू?

बायको: जोरात ओढा. अहो ताई, पगार मिळतो ना? जोरात!

मॅडम: नाही निघत.

बायको: निघायचं नाही. कागद आधी फाटेल.

मॅडम: हेच घेऊन जाऊ. असंच.

बाइंडर: असंच? बिनपुठ्ठ्याचं? सगळे दोरे दिसतायत पाठीवर! मॅडम, एवढ्या मोठ्या कचेरीत हे असं उघडंवाघडं पुस्तक न्यायचं? हसतील लोक.

बायको: पुठ्ठा चढला की शिवण कुणाला दिसते? इतकी वर्षं मी शिवलं ते सगळं तुमच्या पुठ्ठ्याखाली गेलं. त्यांना शिवणच बघायचीय ना? मग बघू देत.

मॅडम: काकू, दोन फर्म्यांना किती वेळ?

बायको: तुम्ही दोघं थोडं कमी बोललात तर अर्धा तास. अहो, ते मेण द्या इकडे. दोरा खरखरीत लागतोय.

बाइंडर: हे घे. हळू ओढ, तो नवीन दोरा आहे.

मॅडम: काका, आता अवघड भाग. नमुना दाखवून भागणार नाही. अहवालात ‘मशीन आढळले’ असं आहे. ते उसनं होतं, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. मी सांगून चालत नाही. दुकानदारानं स्वतः, सगळ्यांसमोर, उभं राहून सांगायचं.

बाइंडर: बरं, सांगू. चुकून झालं म्हणू.

मॅडम: चुकून नाही म्हणायचं. खोटं दाखवलं असं म्हणायचं. आणि त्याची शिक्षा आहे. खोटी माहिती दिली म्हणून वर्षभर तुमचं नाव सरकारी कामाच्या यादीतून काढू शकतात. मी भांडेन, पण काढणार नाहीत असा शब्द मी देत नाही. खोटं इथं आधीच पुरेसं झालंय.

बाइंडर: म्हणजे नियम मागे घेतला तर दहा दुकानांना काम, आणि मी इथं माश्या मारत बसायचं? वर्षभर?

मॅडम: असं होऊ शकतं.

बाइंडर: वा! त्यांचा वकील मी, आणि फाशीही मलाच!

बायको: गप्प राहिलात तर अकराही जण माश्या मारतील. पलीकडच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाइंडरनं याच कामाच्या भरवशावर मुलीला पुढं शिकायला पाठवलंय. रोज सकाळी त्याच्या दारावरून जाता तुम्ही. जाणार कसं?

बाइंडर: तुला काय जातंय बोलायला? तुला आत बसायची सवयच...

बायको: बोला की. पुरं करा.

बाइंडर: नाही. नाही बोलत.

बायको: थांबलात ते बरं झालं. सुई हातात आहे.

मॅडम: काका, पाण्याचा तांब्या कुठंय? मला द्या आणि तुम्हीही प्या.

बाइंडर: मॅडम, खरं सांगू? मला वाटलं होतं, तपासनीस साहेब बघतील आणि म्हणतील, ‘अरे वा, केवढं दुकान.’ बस, एवढंच पाहिजे होतं मला. एकदा तरी कुणी तसं म्हणावं. त्या पहिल्या साहेबाचं ‘एवढंच’ अजून कानात आहे.

मॅडम: मग हे म्हणाले का तसं?

बाइंडर: नाही. यांनी पण रुमालानं नाक पुसलं.

बायको: झालं. गाठ मारली.

मॅडम: इतक्यात?

बायको: तुम्ही पाणी पिताना कुणी बोलत नव्हतं.

बाइंडर: बघू इकडे. हं. हं... पाठ सरळ आलीय. गाठी एका रेषेत आहेत. अगं, ही शिवण तू नेहमीच अशी घालतेस?

बायको: तुम्ही पुठ्ठा चढवताना कधी बघितलं नाहीत?

बाइंडर: खळ वाळायच्या आत चढवायची घाई असते ना. फडक्यात बांधू का मॅडम? नको, राहू दे. उघडंच नेऊ.

मॅडम: तिथं गेल्यावर काय सांगाल? एकदा म्हणून बघा. तोंडाला सवय होऊ दे.

बाइंडर: सांगेन की... मशीन उसनं होतं. मी खोटं दाखवलं. या गल्लीत एकाकडेही मशीन नाही.

मॅडम: आणि शिवणारं माणूस मिळत नाही म्हणालात ते?

बाइंडर: तेही खोटं.

बायको: एवढंच?

बाइंडर: शिवणारं माणूस घरातच होतं. मी पडद्यामागं बसवलं होतं.

बायको: असंच म्हणा तिथं. शेवट गिळू नका.

बाइंडर: पण तू पण चल. ते विचारतील, टाका कसा घालतात, दोरा कुठला. मला सांगता यायचं नाही. मी पुठ्ठ्याचा माणूस.

बायको: या साडीवर?

मॅडम: चला काकू. बारा वाजून गेलेत. पण माझी गाडी छोटी आहे हं, मागची सीट सगळी फायलींनी भरलीय. एकालाच पुढे बसता येईल, दुसऱ्याला मागे कसंबसं कोंबून घ्यायला लागेल.

बायको: मी बसते मागं. मला सवय आहे.

बाइंडर: नाही, नाही. मी जातो फायलींच्यात. तू पुढे बस.